कासरा कुणाच्या हाती?

बैलगाडीचा कासरा गाडीवानाच्या हाती असतो, हे आमच्या हट्ट्याच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण गाडीवान गाडीखाली सरपटत तिथून कासरा ओढतो आहे, असे कुणी पाहिले आहे काय? रामा राघोबा राणे यांनी रणांगणावर अगदी हेच केले.

राण्यांचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिया गावचा. वडील पोलिसात. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले. डिसेंबर १९४७ मध्ये ते अधिकारी झाले.

एप्रिल १९४८ मध्ये आपले सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले. शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते, झाडे आडवी टाकली होती. वाट मोकळी करण्याचे काम राण्यांच्या तुकडीकडे आले. ८ एप्रिलला उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणेही होते. तरी ते ११ तारखेपर्यंत हटले नाहीत. गोळ्यांमुळे उभे राहणे अशक्य झाले, तेव्हा ते रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटू लागले. चालकाला खूण दोन दोरांची : एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. १२ एप्रिलला राजौरी हाती आली. १९५० साली राण्यांना परमवीर चक्र जाहीर झाले. मेजर म्हणून निवृत्त झालेला हा वीर १९९४ मध्ये पुण्यात वारला.

त्याच पुण्यात, दिघीच्या संरक्षण संशोधन संस्थेत, पुढे 'दक्ष' हा यंत्रमानव तयार झाला. २०११ पासून तो लष्करात आहे. तो बॉम्बजवळ जातो आणि जवान सुमारे पाचशे मीटर मागे राहून त्याला चालवतो. कुणा आईचा मुलगा वाचत असेल, तर अशा यंत्राचे स्वागतच करावे.

मला धास्ती आहे ती दुसऱ्याच यंत्रांची. स्वतःच लक्ष्य निवडून स्वतःच मारा करणारी शस्त्रे आता जगात तयार होत आहेत. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. तिथे व्याज संगणकाने काढले, तरी कर्जमंजुरीवर सही अधिकाऱ्याची असे आणि जाबही त्यालाच द्यावा लागे. मग माणसाचा जीव घेण्याच्या हुकमावर कुणाचीच सही नको?

राण्यांचा दोर हातभर होता, 'दक्ष'चा पाचशे मीटर झाला. तो आणखी लांबला तरी हरकत नाही. फक्त त्याच्या टोकाला जबाबदार माणूस हवा.