हिटलरला नमवणाऱ्या चर्चिलचा अर्थमंत्री असतानाचा एक निर्णय इंग्लंडच्या खाण कामगारांना महागात पडला होता

विन्स्टन चर्चिल म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? तोंडात सिगार, डोक्यावर हॅट आणि दोन बोटांनी केलेली विजयाची खूण. इंग्लंडमध्ये विचाराल तर हिटलरपुढे न झुकलेला माणूस. भारतात विचाराल तर बंगालचा दुष्काळ.

पण या दोन्हीच्या आधी हाच चर्चिल साडेचार वर्षं इंग्लंडचा अर्थमंत्री होता. त्याने पाच बजेटं मांडली. त्यातल्या पहिल्याच बजेटमध्ये त्याने असा एक निर्णय जाहीर केला, ज्याची फळं पुढची काही वर्षं लाखो कामगारांनी भोगली. विशेष म्हणजे हा निर्णय चुकू शकतो, अशी शंका खुद्द त्यालाही आली होती.

मग तरीही त्याने तो का घेतला? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

चर्चिलचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ चा. घराणं ड्यूक लोकांचं, जन्म ब्लेनहाइमच्या राजवाड्यात. वडील लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल मोठे राजकारणी. १८८६ मध्ये ते इंग्लंडचे अर्थमंत्री झाले, पण सैन्यावरच्या खर्चावरून त्यांचं सरकारशी वाजलं आणि पाच महिन्यांच्या आत त्यांनी राजीनामा दिला. त्यांना एकही बजेट मांडता आलं नाही. त्यानंतर त्यांचं राजकारण कधी सावरलंच नाही. अर्थमंत्र्याचा तो झगा मात्र चर्चिलच्या आईने जपून ठेवला.

पोराचं शाळेत काही खरं नव्हतं. गणितात तर बोंबच. शेवटी तो सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजात गेला आणि १८९६ मध्ये घोडदळातला अधिकारी म्हणून भारतात आला. मुंबईच्या ससून डॉकला बोटीतून उतरताना त्याचा खांदा असा काही निखळला, की ते दुखणं त्याला जन्मभर पुरलं. तिथून पुण्याचा कॅम्प आणि मग बंगळूर. बंगळूरमध्ये दुपारी वेळच वेळ असायचा. तेव्हा या गड्याने पुस्तकं वाचायचा सपाटा लावला. त्यात अर्थशास्त्राचा बाप समजला जाणारा अ‍ॅडम स्मिथही होता. कॉलेजात कधीही अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाची ही एवढीच शिदोरी.

१९०० मध्ये चर्चिल कन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून खासदार झाला. चार वर्षांतच त्याने पक्ष सोडला, तोही आर्थिक मुद्द्यावरून. त्याच्या पक्षातला एक मोठा गट परदेशी मालावर जकात लावा म्हणत होता. चर्चिलचं म्हणणं होतं की व्यापार खुला राहिला पाहिजे, नाहीतर गरिबाची भाकरी महागेल. १९०४ मध्ये तो सरळ समोरच्या लिबरल पक्षाच्या बाकांवर जाऊन बसला.

इथून पुढचा चर्चिल ओळखू येणार नाही असा आहे.

१९०८ मध्ये तो व्यापार खात्याचा मंत्री झाला. शिवणकाम, लेस, कागदी खोकी, साखळ्या बनवणं अशा धंद्यांत बायकांना अगदी तुटपुंज्या पैशात राबवून घेतलं जायचं. १९०९ मध्ये त्याने कायदा करून या धंद्यांत किमान मजुरी ठरवायची सोय केली. त्याच वर्षी बेकारांना काम शोधून देणाऱ्या सरकारी कचेऱ्यांचा कायदा आणला. आपल्याकडे ज्याला एम्प्लॉयमेंट एक्सचेंज किंवा सेवायोजन कार्यालय म्हणतात, तीच ही कल्पना. श्रीमंतांवर कर लावून म्हाताऱ्यांच्या पेन्शनला आणि नौदलाला पैसा उभा करणारं लॉइड जॉर्जचं गाजलेलं बजेट आलं, तेव्हा त्याच्या बाजूने देशभर सभा घेणारा हाच ड्यूकच्या घरातला माणूस होता. १९११ मध्ये आलेल्या बेकारी विम्याची आखणीही त्याच्याच खात्यात झाली होती.

नौदलाचा मंत्री असताना १९१४ मध्ये त्याने आणखी एक हिशेबी चाल खेळली. जहाजं कोळशाऐवजी तेलावर चालवायची ठरल्यावर तेल कुणाच्या मर्जीवर नको, म्हणून इराणमध्ये तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचा निम्म्याहून जास्त हिस्सा त्याने सुमारे २० लाख पौंडांत सरकारला घ्यायला लावला. हीच कंपनी पुढे ब्रिटिश पेट्रोलियम झाली.

पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीची मोहीम फसली आणि चर्चिलचं मंत्रिपद गेलं. नंतर तो परत सत्तेत आला, १९२२ ला निवडणूक हरला, मग फिरून कन्झर्व्हेटिव्हांच्या जवळ गेला. नोव्हेंबर १९२४ मध्ये पंतप्रधान बाल्डविनने त्याला अर्थमंत्री केलं, तेव्हा सगळ्यात मोठा धक्का त्याला स्वतःलाच बसला होता. आईने जपलेला वडिलांचा तो झगा त्याने बाहेर काढला आणि अंगावर चढवला.

आता मुख्य विषय.

महायुद्धाआधी पौंड सोन्याला बांधलेला होता. म्हणजे काय, तर बँकेत पौंड द्या आणि ठरलेल्या वजनाचं सोनं घ्या. डॉलरही सोन्याला बांधलेला असल्यामुळे १ पौंड म्हणजे ४.८६ डॉलर, हा भाव पक्का होता. युद्धात ही व्यवस्था मोडली. इंग्लंडमध्ये महागाई झाली, कर्ज वाढलं आणि पौंड घसरला. १९२४ मध्ये त्याचा भाव ४.३० ते ४.५० डॉलरच्या आसपास होता. लंडनच्या बँकवाल्यांना मात्र जुनाच भाव परत हवा होता. त्यांच्या लेखी ४.८६ हा नुसता आकडा नव्हता, इंग्लंडची पत होती.

पण यात एक मेख होती. समजा, इंग्लंडचा कोळसा १ पौंडाला टन मिळतो. पौंड ४.४० ला असेल तर परदेशातल्या गिऱ्हाइकाला तो टन ४.४० डॉलरला पडतो. पौंड ४.८६ ला नेला की त्याच कोळशासाठी ४.८६ डॉलर मोजावे लागतात. कोळसा तोच, खाण तीच, पण भाव १० टक्के चढला. गिऱ्हाईक टिकवायचं तर पौंडातली किंमत कमी करायची. आणि खाणीत सगळ्यात मोठा खर्च मजुरीचाच. थोडक्यात काय, तर पौंडाचा मान राखायचा तर कामगाराचा पगार कापायचा.

चर्चिलच्या हे लक्षात आलं होतं. जानेवारी आणि फेब्रुवारी १९२५ मध्ये त्याने आपल्याच अधिकाऱ्यांना आणि बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन याला लांबलचक टिपणं पाठवली. घाई कशाची आहे, यात उद्योगांचं काय होणार, देशात साडेबारा लाख लोक बेकार असताना जगात पत भारी असण्याचं कौतुक कुणाला, असा त्याचा रोख होता. प्रश्न अगदी बरोबर होते.

१७ मार्च १९२५ ला त्याने दोन्ही बाजूंच्या लोकांना जेवायला बोलावलं. एका बाजूला सोन्यावर परत जा म्हणणारे नीमायर आणि ब्रॅडबरी. दुसऱ्या बाजूला अर्थतज्ज्ञ केन्स आणि आधी अर्थमंत्री राहिलेला बँकर मॅकेन्ना. मध्यरात्र उलटेपर्यंत वाद चालला. केन्सने सांगितलं की पौंड १० टक्क्यांनी महाग होईल, पगार कापावे लागतील, संप होतील. शेवटी चर्चिलने मॅकेन्नाला विचारलं की बाबा, तू राजकारणीही आहेस, तू काय करशील? मॅकेन्नाचं उत्तर होतं की आता सुटका नाही, सोन्यावर जावंच लागेल.

झालं. एकीकडे बँक ऑफ इंग्लंड, अर्थखातं, पंतप्रधान, लंडनचा सगळा पैसेवाला वर्ग. विरोधी लेबर पक्षाचा आधीचा अर्थमंत्री स्नोडनसुद्धा त्याच मताचा. दुसरीकडे केन्ससारखे मोजके लोक आणि चर्चिलच्या मनातली शंका. २८ एप्रिल १९२५ ला चर्चिलने बजेटच्या भाषणात पौंड जुन्या भावाने सोन्यावर परतल्याचं जाहीर केलं. केन्सने लगेच लेखमाला लिहून थेट चर्चिलचं नाव घेत या निर्णयाचे परिणाम सांगितले.

पुढे तसंच घडलं.

कोळशाला आधीच उतरती कळा लागली होती, कारण जर्मनीच्या खाणी पुन्हा जोरात सुरू झाल्या होत्या. त्यात हा भाव. खाणमालकांनी पगार कापायची आणि कामाचे तास वाढवायची भाषा सुरू केली. सरकारने नऊ महिने अनुदान देऊन वेळ मारून नेली, त्यात सुमारे २ कोटी ३० लाख पौंड गेले. अनुदान संपलं आणि मे १९२६ मध्ये मालकांनी खाणींना टाळं ठोकलं. मग ४ ते १२ मे या काळात इंग्लंडच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सार्वत्रिक संप झाला. रेल्वे, बस, गोदी, छापखाने, सगळं ठप्प.

या संपात चर्चिल सरकारचं वर्तमानपत्र चालवत होता आणि संपकऱ्यांवर तुटून पडत होता. संप मिटल्यावर मात्र त्याने खाणमालकांनी जरा नमतं घ्यावं म्हणून प्रयत्न केले. मालक बधले नाहीत आणि त्याच्या मंत्रिमंडळानेही फार साथ दिली नाही. खाण कामगार एकटेच नोव्हेंबरपर्यंत तग धरून राहिले. शेवटी उपासमारीने हरले आणि कमी पगारात, जास्त तासांवर कामावर परतले.

याच काळात असाच वाद मुंबईतही पेटला होता. रुपयाचा भाव काय ठेवायचा हे ठरवायला सरकारने १९२५ मध्ये हिल्टन यंग कमिशन नेमलं. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ मध्येच पुस्तक लिहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कमिशनपुढे साक्ष दिली होती. कमिशनने रुपया १ शिलिंग ६ पेन्सला बांधायचं ठरवलं. मुंबईचे गिरणीमालक आणि कापसाचे व्यापारी म्हणत होते की युद्धाआधीचा १ शिलिंग ४ पेन्सचाच भाव हवा, नाहीतर परदेशी कापड स्वस्त होईल आणि शेतकऱ्याच्या हातात कमी रुपये पडतील. कमिशनमधल्या पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी तसं वेगळं मतही नोंदवलं, पण १९२७ मध्ये कायदा झाला तो १ शिलिंग ६ पेन्सचाच. हा निर्णय चर्चिलचा नव्हता, पण चलन महाग ठेवण्याचा भार कुणी उचलायचा, हा प्रश्न तोच होता.

मग चर्चिल अर्थमंत्री म्हणून सपशेल नापास का? तर तसंही नाही. ज्या बजेटमध्ये त्याने सोन्याची घोषणा केली, त्याच बजेटमध्ये विधवा, अनाथ मुलं आणि ६५ वर्षांवरच्या कामगारांसाठी पेन्शनची योजना जाहीर केली. नवरा गेला की रस्त्यावर येणाऱ्या बायकांना पहिल्यांदाच हक्काचे पैसे मिळायला लागले. त्याउलट, बजेटचा ताळा जमवायला त्याने रस्त्यांच्या निधीत हात घातला. येत्या दहा वर्षांत मोठं युद्ध होणार नाही हा नियम १९२८ मध्ये आपोआप पुढे सरकत राहील असा करून घेतला आणि सैन्याच्या खर्चाला कात्री लावली. पुढे तयारी कमी पडते म्हणून सगळ्यात जास्त ओरडणारा तोच होता.

१९२९ मध्ये सरकार गेलं. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, तेव्हा साहेब न्यूयॉर्कमध्येच होते आणि त्यांचे स्वतःचे पैसेही बुडाले. आयुष्यभर त्याचं घर कर्जावर आणि लिखाणाच्या मानधनावरच चाललं. २१ सप्टेंबर १९३१ ला इंग्लंडने सोनं सोडलं. पौंड घसरला, पण आभाळ काही कोसळलं नाही. उलट व्याजदर १९३२ मध्ये ६ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणता आला आणि घरबांधणीला जोर आला. सोन्यावर जाणं ही आपली फार मोठी चूक होती, असं चर्चिलने पुढे जवळच्या लोकांकडे मान्य केलं.

मग आलं दुसरं महायुद्ध, पंतप्रधानपद आणि विजय. पण युद्धातले निर्णयही आर्थिकच असतात. जहाजं कुठे पाठवायची, धान्य कुणाला द्यायचं, खर्च कुणाच्या माथी मारायचा. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं मरत असताना भारतमंत्री अ‍ॅमरी आणि व्हॉइसरॉय धान्यासाठी जहाजं मागत होते. चर्चिलच्या वॉर कॅबिनेटने मागितल्यापेक्षा फार कमी दिलं. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख लोक गेल्याचा अंदाज आहे. दोष कुणाचा किती यावर इतिहासकार आजही भांडतात. पण १९२५ मध्ये निदान प्रश्न विचारणारा चर्चिल इथे दिसत नाही.

१९५१ मध्ये तो पुन्हा पंतप्रधान झाला. १९५२ मध्ये पौंडाचा भाव बाजारावर सोडायची योजना अर्थखात्याने पुढे आणली. चर्चिलला सुरुवातीला ती आवडलीही होती. बेकारी आणि महागाई वाढेल, असं त्याचा सल्लागार लॉर्ड चेरवेल जोर लावून म्हणाला. या वेळी घाई झाली नाही, योजना बाजूला पडली. १९५४ मध्ये रेशनिंग संपलं, १९५५ मध्ये चर्चिल पायउतार झाला आणि २४ जानेवारी १९६५ ला वारला. त्याच्या वडिलांच्या मृत्यूला बरोबर ७० वर्षं झाली त्या दिवशी.

आता निकाल काय लावायचा? चर्चिलच्या बाजूने बोलणारे सांगतात की १९२५ मध्ये जवळजवळ सगळे तज्ज्ञ एका बाजूला होते आणि कोळशाचं दुखणं आधीचंच होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण बेकारांचं काय, हा प्रश्न त्याने स्वतः विचारला होता, त्याचं समाधानकारक उत्तर मिळालं नव्हतं आणि तरी सही त्याचीच झाली. सल्ला नॉर्मनचा असेल, जबाबदारी मंत्र्याचीच असते.

शिवाय चुकीची किंमत कुणी मोजली तेही बघावं लागतं. बँकवाल्यांना त्यांचा ४.८६ मिळाला. चर्चिलला पुढे पंतप्रधानपद मिळालं. वेल्स आणि डरहॅमच्या खाणीतला कामगार मात्र कमी पगारावर रोज जास्त वेळ जमिनीखाली राहिला, आणि ज्या आकड्यासाठी हे सगळं केलं, तो सहा वर्षांत सोडून द्यावा लागला.