पारनेरचा पांडुरंग आणि विलायतेचा बाँड

समजा, तुम्ही पायलट आहात. वय सव्वीस-सत्तावीस. दोनशे तास उड्डाण करून डीजीसीएचं कमर्शियल लायसन्स काढलंय. त्यासाठी घरच्यांनी कर्ज काढलं, नाहीतर रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकला. मग टाइप रेटिंगचे आणखी काही लाख. मग दोन वर्षं नुसती वाट पाहणं. मग एकदाची को-पायलटची नोकरी लागली. आता लॉगबुकात दोन-अडीच हजार तास जमलेत आणि आखातातल्या एका एअरलाइनचा मेल येऊन पडलाय. पगार इथल्यापेक्षा भरपूर, राहायला घर, मोठी विमानं, लांबचे मार्ग. इकडे कंपनीचा ट्रेनिंग बाँड, सहा महिन्यांची नोटीस आणि घरी आई, जी फोनवर काहीच बोलत नाही, फक्त जेवलास का एवढं विचारते.

काय कराल?

घाईनं उत्तर देऊ नका. पायलट नसलात तरी हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येणार आहे. कुणाला जर्मनीची नर्सिंगची जागा मिळेल, कुणाला कॅनडाचं मास्टर्स, कुणाला सिंगापूरच्या जहाजावरची नोकरी. आज मात्र मला तुम्हाला एका अशा मुलाची गोष्ट सांगायची आहे, जो आपल्याच जिल्ह्यातून, साधारण तुमच्याच वयात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशी गेला होता. तोही तांत्रिक शिक्षणासाठीच आणि तोही दुसऱ्याच्या पैशावर.

नगरहून पुण्याकडे निघालात की सुपे लागतं. तिथून उजवीकडे वळलं की पारनेर. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म इथला, १२ नोव्हेंबर १८८० चा. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावर तुम्ही कॉफी प्यायला असाल, मुंबईत दादरहून लोअर परळला जाताना सेनापती बापट मार्गावर ट्रॅफिकमध्ये अडकला असाल. ते बापट हेच. नाव रोज तोंडात असतं, पण हा माणूस नेमका कोण होता, हे विचारलं तर आपण बहुतेक जण गप्प बसतो. मीही बसलो होतो.

घर साधं, पण मुलगा हुशार. काही शिक्षण पुण्यात झालं, मॅट्रिकची परीक्षा नगरला. संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती म्हणजे बोर्डात पहिलं येण्यासारखंच. मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. १९०३ मध्ये बी.ए. झाले. इथपर्यंतची कहाणी कुठल्याही स्कॉलर मुलाची वाटेल. पण मधे १९०२ मध्ये एक गोष्ट घडली होती. चाफेकरांच्या गटातले दामोदर बळवंत भिडे त्यांना भेटले आणि या संस्कृतच्या विद्यार्थ्यानं तलवारीवर हात ठेवून देशासाठी आयुष्य वाहण्याची शपथ घेतली. तेव्हा वय बावीससुद्धा नव्हतं. बावीस वर्षांच्या वयात आपण बऱ्याच शपथा घेतो आणि पुढच्या सेमिस्टरला विसरतो. यांनी विसरायला हवी होती असं घरच्यांना कधीतरी नक्कीच वाटलं असणार.

बी.ए. नंतर मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ मध्ये बापट बोटीनं विलायतेला निघाले. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा, तिथलं हेरियट-वॉट कॉलेज, विषय इंजिनिअरिंग. संस्कृतचा मुलगा एकदम यंत्रांकडे कसा वळला याचं आपल्याला नवल वाटतं, पण तेव्हाच्या हुशार मुलांना कळून चुकलं होतं की येणारे दिवस यंत्रांचे आहेत. अमेरिकेत राइट बंधूंचं विमान डिसेंबर १९०३ मध्ये उडून झालं होतं. विलायतेचं इंजिनिअरिंग करून परत आलेल्याला सरकारी बांधकाम खात्यात किंवा रेल्वेत जागा, बंगला, मान सगळं मिळण्याची शक्यता होती. पारनेरसारख्या गावात तर अशा मुलाच्या स्वागताला अख्खं गाव वेशीवर आलं असतं.

एडिंबरात त्यांनी दोन गोष्टी शिकायला सुरुवात केली. एक अभ्यासक्रमातली, इंजिनिअरिंगची. दुसरी अभ्यासक्रमाबाहेरची, रायफल क्लबात जाऊन नेमबाजीची. तलवारीवरची शपथ बोटीत सोडून आलेले नव्हते, एवढं यावरून कळतं.

आता खरा पेच. १९०६ मध्ये बापटांनी तिथे एका सभेत ब्रिटिश राजवटीतल्या हिंदुस्थानच्या स्थितीवर निबंध वाचला. ज्यांच्या देशात बसलोय, त्यांच्याच तोंडावर त्यांच्या राज्याचा हिशेब मांडला. परिणाम व्हायचा तोच झाला. शिष्यवृत्ती बंद.

इथे जरा थांबा आणि स्वतःला त्या जागी ठेवून पाहा. परका देश, स्कॉटलंडची थंडी, अर्धवट राहिलेला कोर्स, हातात पैसा नाही. घरी तार करून पैसे मागावेत तर घर पारनेरचं. आज तुमच्या बाँडमध्ये एक कलम असतं, की अमुक वर्षांच्या आत सोडलंत तर इतके लाख भरा. ते निदान छापलेलं तरी असतं, वकिलाला दाखवता येतं. बापटांच्या शिष्यवृत्तीत असं बोलू नये हे कुठे लिहिलं होतं की नव्हतं, हा प्रश्नच नव्हता. न लिहिलेलं कलम सगळ्यांना ठाऊक असतंच. बापटांनाही असणार. निबंध वाचायला उभे राहिले तेव्हा ते काही अजाण नव्हते. म्हणून मला वाटतं, त्यांचा निर्णय शिष्यवृत्ती गेल्यावर झालेला नाही. तो निबंध लिहिताना टेबलाशी बसले होते तेव्हाच झाला होता.

याच सुमारास लंडनमध्ये दुसऱ्या प्रकारचा एक बाँड चालू होता आणि तो मला फार मजेशीर वाटतो. श्यामजी कृष्ण वर्मा नावाचे श्रीमंत, विद्वान गृहस्थ हिंदी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत. अट एकच, परत गेल्यावर ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. म्हणजे सगळे बाँड नोकरी सोडू नका म्हणून असतात, हा नोकरी धरू नका म्हणून. १९०५ मध्ये त्यांनी लंडनच्या हायगेट भागात इंडिया हाऊस सुरू केलं. १९०६ मध्ये विनायक दामोदर सावरकर याच शिष्यवृत्तीवर तिथे आले. शिष्यवृत्ती तुटलेले बापटही या घरात आणि या मंडळींत येऊन मिळाले.

पुढचा भाग सांगताना मी थोडा सावध होतो, तुम्हीही व्हा. बापटांना पॅरिसला पाठवण्यात आलं, बाँब बनवण्याची विद्या शिकायला. बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हेही होते. रशियन क्रांतिकारकांशी ओळख झाली, बाँब बनवण्याची एक रशियन पुस्तिका भाषांतर करून घेतली गेली. जे पॅरिस तेव्हा विमानांच्या वेडानं भारलेलं होतं, जिथे सांतोस-द्युमाँनं १९०६ च्या ऑक्टोबरात हजारो लोकांसमोर विमान उडवून दाखवलं होतं, त्याच शहरात पारनेरचा हा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी रसायनं मोजत होता. तंत्र शिकायचं होतंच, कुठलं शिकायचं हे त्याच्या मनातल्या रागानं ठरवलं.

१९०८ मध्ये ती पुस्तिका घेऊन बापट हिंदुस्थानात परतले. इंजिनिअरची पदवी राहिली ती राहिलीच. त्याच वर्षी ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी न्यायाधीश किंग्जफोर्डच्या गाडीवर म्हणून बाँब टाकला. गाडी दुसरीच होती. त्यात दोन इंग्रज स्त्रिया मेल्या, ज्यांचा कशाशीच संबंध नव्हता. मग धरपकड आणि अलीपूरचा खटला. त्यातल्या माफीच्या साक्षीदारामुळे बापटांचं नाव पोलिसांपर्यंत पोचलं आणि ते भूमिगत झाले.

पुढची चार वर्षं ते देशभर फिरले. लपण्यासाठी फिरले, पण डोळे उघडे ठेवून. आणि त्यांना जे दिसलं त्यानं त्यांचा सगळा बेत उलटापालटा झाला. असंख्य लोकांना आपण गुलाम आहोत याची जाणीवच नव्हती. ज्यांच्यासाठी बाँब, त्यांना बाँब कशासाठी हेच माहीत नव्हतं. पॅरिसला जाऊन आणलेली विद्या इथे अपुरी होती. आपण परदेशात जीव ओतून शिकलो ते इथे उपयोगाचं नाही, हे उमगणं केवढं जड जात असेल? तुमचं लायसन्स एका देशात चालतं आणि दुसऱ्यात पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात, तसं काहीसं. फरक इतकाच की ही परीक्षा घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं, बापटांनीच ती स्वतःची घेतली.

१९१२ मध्ये इंदूरला त्यांना अटक झाली. काही काळानं सुटले आणि थेट पारनेरला आले.

माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण काळ तो हाच. विलायत, पॅरिस, इंडिया हाऊस पाहून आलेला बी.ए. झालेला हा ब्राह्मण तरुण पहाटे उठायचा, हातात झाडू घ्यायचा आणि पारनेरचे रस्ते झाडायचा. शौचकूपही साफ करायचा. १९१४ च्या दरम्यानचं पारनेर डोळ्यांपुढे आणा. सोवळं-ओवळं, विहिरी वेगळ्या, पंगती वेगळ्या. त्या गावात हा माणूस जातीनं लादलेलं काम आपण होऊन अंगावर घेत होता. दलित मुलांना शिकवत होता. १ नोव्हेंबर १९१४ ला त्यांना मुलगा झाला, तेव्हा बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांची बसवली. गाव काय म्हणालं असेल, याचा अंदाज तुम्ही नगर जिल्ह्यातले असाल तर बांधू शकता. परदेशातून परत आलेल्या मुलाकडून गावाच्या अपेक्षा वेगळ्या असतात. चॉकलेट, घड्याळ, आणि चारचाकी. इथे झाडू.

पुढे ते पुण्यात गेले. चित्रमयजगत् मासिकात, मग टिळकांच्या मराठा पत्रात, केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात अशी त्यांनी पोटापुरती लेखणी चालवली. डॉ. नारायण सावरकरांबरोबर अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करत दारोदार हिंडले. १९२० मध्ये पत्नी गेल्या.

आणि मग मुळशी. नियती कधीकधी फार बेरकी असते. मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीचं धरण होणार होतं, मुंबईला वीज देण्यासाठी. मावळातली पन्नासच्या आसपास गावं, भाताची खाचरं, देवळं पाण्याखाली जाणार होती. धरण, बोगदे, टर्बाइन, वीज. म्हणजे नेमकी तीच विद्या, जिच्यासाठी बापट एडिंबराला गेले होते. कोर्स पुरा केला असता तर कदाचित अशाच एखाद्या धरणावर ते इंजिनिअर म्हणून टोपी घालून उभे राहिले असते. ते उभे राहिले ते समोरच्या बाजूला, ज्यांची शेतं जाणार होती त्या मावळ्यांत. १९२१ च्या एप्रिलमध्ये सत्याग्रह सुरू झाला. धरणग्रस्त हा शब्द आज आपल्याला पाठ आहे, पण धरणानं उठवलेल्या शेतकऱ्यांचा इतका मोठा लढा देशात त्याआधी झालेला नव्हता. विनायकराव भुस्कुटे सोबत होते. सेनापती ही पदवी बापटांना याच लढ्यानं दिली, कुठल्या सरकारनं किंवा संस्थेनं नाही.

एकदा तुरुंग, दुसऱ्यांदा तुरुंग. धरणाचं काम काही थांबेना. तेव्हा बापटांनी कामाची रेल्वे अडवली, हत्यार हातात घेऊन. निखळ अहिंसा मानणाऱ्यांना हे रुचलं नाही आणि त्यांची नाराजी मला चुकीची वाटत नाही. बापट मात्र पकडले जाण्यासाठी लपले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली, तीही सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात, घरापासून शेकडो मैल. १९३१ ला सुटले. धरण तोवर भरून पाणी वाहत होतं. मुळशी आज तुमचं वीकएंडचं ठिकाण आहे. पुढच्या पावसाळ्यात जाल तेव्हा पाण्याकडे बघून एकदा आठवा की खाली गावं आहेत.

सुटले आणि लगेच राजद्रोही भाषणांसाठी पुन्हा आत गेले, ते १९३७ पर्यंत. मग सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं काम. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. सदुसष्टी गाठत आलेला माणूस आता निवांत बसेल असं कुणालाही वाटलं असतं. १९५५ मध्ये ते गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात होते, नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात.

आता तुमच्या त्या मेलकडे या. मी तुम्हाला जाऊ नका म्हणणार नाही. बापटही गेलेच होते आणि गेले नसते तर ते बापट झाले नसते. आखातात जाऊन कर्ज फेडणं, बहिणीचं शिक्षण करणं, मोठं विमान उडवण्याची हौस भागवणं यात कमीपणा काय? को-पायलटला इथे कॅप्टन व्हायला जी वर्षं लागतात, ती तिथे कमी लागतील की जास्त, कंपनी बुडाली किंवा महामारी आली तर पहिल्यांदा कुणाला घरी पाठवतील, परदेशी पायलटला की तिथल्या, लायसन्स परत इथे चालवायला काय करावं लागेल, हे प्रश्न जरूर विचारा. २०२० मध्ये ज्यांनी ते विचारले नव्हते, ते सूटकेस घेऊन परतलेले आपण पाहिले. पण करारात न लिहिलेलं कलम कोणतं आहे आणि ते पाळायची तुमची तयारी कुठपर्यंत आहे, हे वकील सांगणार नाही. ते निबंध लिहायला बसल्यावरच कळतं.

बापट २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत गेले. वय सत्त्याऐंशी. एडिंबराची ती पदवी त्यांनी नंतर कधीच पुरी केली नाही.