एक्स-रे जखमींच्या दारी नेणाऱ्या मेरी क्युरी

तेलगाव, धारूर, माजलगाव या पट्ट्यात कुणी मोटारसायकलवरून पडले किंवा उसाच्या ट्रॉलीवरून घसरले, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, फोटो कुठे निघेल? हाड मोडले आहे की नुसताच मुका मार आहे, हे एक्स-रेशिवाय नीट कळत नाही. जखमीला यंत्रापर्यंत न्यायचे, ही रीत आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. शंभर वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञ बाईंनी ती उलटी करून दाखवली. त्यांनी यंत्रच गाडीत घालून जखमींपर्यंत नेले. रेडियमच्या शोधामुळे मेरी क्युरी शाळेच्या पुस्तकात भेटतात. पण पन्नाशीच्या जवळ आल्यावर त्या एक्स-रेचे काम शिकल्या आणि दीडशे बायकांना ते शिकवले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

मेरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी पोलंडमधील वॉर्सा शहरात झाला. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. वॉर्साच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता. मोठी बहीण ब्रोन्या पॅरिसला डॉक्टरकी शिकत होती. तिच्या खर्चासाठी मेरी यांनी लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी केली. स्वतः पॅरिस गाठायला त्यांना १८९१ साल उजाडले. तिथे पदार्थविज्ञान आणि गणित अशा दोन पदव्या त्यांनी मिळवल्या. १८९५ मध्ये पिएर क्युरी यांच्याशी लग्न झाले. १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. १९०३ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. १९०६ मध्ये घोडागाडीखाली सापडून पिएर गेले. पदरात दोन लहान मुली होत्या. तरी काम थांबले नाही आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचे दुसरे नोबेल आले.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. पॅरिसची रेडियम संस्था नुकतीच बांधून झाली होती. संशोधन ठप्प झाले. मेरी यांनी आपल्याजवळचे रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून बोर्दो शहरात सुरक्षित ठेवले आणि त्या परत आल्या. आता आपला काय उपयोग, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

उत्तर रणांगणावरच्या इस्पितळांत होते. रोंटगेन यांनी एक्स-रे शोधून जेमतेम १९ वर्षे झाली होती. यंत्रे होती, पण बहुतेक मोठ्या शहरांच्या इस्पितळांत. आघाडीवर शरीरात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा घुसलेला सैनिक यायचा आणि सर्जनला तो जखमेत चाचपडून शोधावा लागायचा. तुकडा आत राहिला की जखम सडायची. प्रतिजैविके तर अजून जन्माला यायची होती. अशा वेळी पाय कापणे किंवा प्राण गमावणे, एवढेच हाती उरायचे.

मेरी यांनी पॅरिसमधल्या श्रीमंतांकडून मोटारगाड्या आणि पैसे मागून आणले, कारखानदारांकडून यंत्रे मिळवली. अडचण विजेची होती, कारण आघाडीवर वीज नव्हती. त्यांनी गाडीत डायनॅमो बसवला आणि तो गाडीच्याच इंजिनावर चालवला. एक्स-रेची नळी, पडदा, फोटोच्या काचा आणि खिडक्यांना लावायचे काळे पडदे असा सगळा संसार त्या गाडीत मावला. इस्पितळात पोहोचले की केबल आत ओढायची, एका खोलीत अंधार करायचा आणि अर्ध्या तासात काम सुरू. सैनिकांनी या गाड्यांना ‘छोट्या क्युरी’ असे नाव दिले. अशा २० गाड्या आणि सुमारे २०० कायमची एक्स-रे केंद्रे उभी राहिली. युद्ध संपेपर्यंत १० लाखांहून अधिक तपासण्या झाल्या, असा अंदाज आहे.

हे काम त्यांना आयते येत नव्हते. दोन नोबेल असलेल्या या बाई शरीररचना शिकायला बसल्या. गाडी चालवायला शिकल्या, १९१६ मध्ये परवानाही काढला. वाटेत गाडी बंद पडली तर दुरुस्तीही स्वतः करू लागल्या.

नुसता फोटो काढून भागत नव्हते. फोटो सपाट असतो. त्यात गोळी दिसते, पण ती किती खोल आहे हे कळत नाही. त्यासाठी नळी थोडी सरकवून दुसरा फोटो घ्यायचा. एक डोळा मिटून बोटाकडे पाहावे, मग दुसरा डोळा मिटून पाहावे, तर जवळचे बोट जास्त सरकल्यासारखे दिसते. तसेच दोन फोटोंत गोळीची सावली किती सरकली यावरून तिची खोली गणिताने काढता येते. मग सर्जनने कुठून आणि किती आत जायचे, हे आधीच ठरते.

मेरी यांची थोरली मुलगी इरेन तेव्हा १७ वर्षांची होती. ती आईबरोबर हे काम शिकली आणि पुढे एकटीने आघाडीजवळची केंद्रे सांभाळू लागली. पण दोघी किती ठिकाणी पुरणार? यंत्रे वाढली तशी चालवणाऱ्या हातांची टंचाई जाणवू लागली. म्हणून १९१६ पासून मेरी यांनी रेडियम संस्थेतच बायकांसाठी वर्ग सुरू केला. विजेचे प्राथमिक ज्ञान, एक्स-रेचे तत्त्व, शरीररचना आणि प्रत्यक्ष सराव असा तो अभ्यास होता. सुमारे १५० जणी तयार झाल्या. आज ज्याला रेडिओग्राफर म्हणतात, ते काम त्या करू लागल्या. १९२१ मध्ये या अनुभवावर मेरी यांचे पुस्तकही निघाले.

या कामाची किंमत मात्र नंतर कळली. त्या काळी हातमोजे आणि धातूचे काही आडपडदे, एवढेच संरक्षण असे. ४ जुलै १९३४ रोजी मेरी क्युरी गेल्या. त्यांच्या अस्थिमज्जेने रक्त तयार करणे थांबवले होते. १९९५ मध्ये त्यांचे अवशेष सन्मानाने पँथिऑन या स्मारकात हलवताना तपासणी झाली. तेव्हा फ्रेंच तज्ज्ञांनी मत दिले की, रेडियमपेक्षा युद्धकाळातल्या एक्स-रेंचा वाटा मोठा असण्याची शक्यता आहे. इरेन १९५६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली.

त्या अनुभवातून आणि इतर अनेकांच्या हानीतून आजचे नियम आले. भारतात एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. यंत्र चालवणाऱ्याने आडोशामागे उभे राहायचे, गरज पडेल तिथे शिशाचा ॲप्रन घालायचा आणि छातीवर टीएलडी बॅज लावायचा. अंगावर किती किरण पडले याची नोंद तो बॅज ठेवतो. अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा चौथाईवर येतो, हे साधे गणितही रोज पाळायचे असते.

बारावी विज्ञाननंतर रेडिओग्राफीकडे वळणाऱ्या मुलामुलींनी हे आयुष्य वाचावे. यंत्र महागडे असले म्हणून फोटो चांगला येत नाही. रुग्णाला नीट झोपवणे, मोडलेला हात न दुखवता वळवणे, हाडांची जागा ओळखणे आणि पहिल्याच फटक्यात योग्य फोटो काढणे ही खरी विद्या आहे. फोटो पुन्हा काढावा लागला, तर रुग्णावर किरणही पुन्हा पडतात. बॅज घरी ठेवून कामावर जाणे म्हणजे शिकलेले वाया घालवणे होय.

रुग्णांनी मात्र घाबरून एक्स-रे टाळू नये. छातीच्या एका एक्स-रेत मिळणारे किरण साधारण दहा दिवसांत निसर्गातून आपोआप मिळणाऱ्या किरणांइतकेच असतात. डॉक्टरांनी सांगितला असेल तर जरूर काढावा, हौस म्हणून काढू नये. जुने फोटो जपून ठेवावेत आणि पुढच्या वेळी सोबत न्यावेत. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर यंत्राजवळ जाण्याआधी तंत्रज्ञाला न लाजता सांगावे.