लिओ फेंडर : बिघाडातून घडलेला सूर

गिटारचा जुना ॲम्प्लिफायर सुरू केला, की लगेच आवाज येत नाही. आधी मागच्या बाजूच्या काचेच्या नळ्यांमध्ये तांबूस उजेड दिसू लागतो. पेटी हळूहळू तापते, स्पीकरमधून बारीकशी गुणगुण येते आणि पंधरा-वीस सेकंदांनी वाद्य बोलू लागते. ज्यांच्या घरी कधीकाळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना हे थांबणे नवे नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओतले व्हॉल्व्ह गेले. गिटारच्या ॲम्प्लिफायरमधले मात्र टिकले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या या पेट्या वादक आजही जपतात, दुरुस्त करून घेतात आणि पुष्कळदा नव्यापेक्षा जास्त पैसे मोजून विकत घेतात.

सर्वाधिक मागणी असलेल्या अशा पेट्यांपैकी अनेकींवर एक नाव आढळते : फेंडर. ज्याचे हे नाव, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. इलेक्ट्रॉनिक्सचे कोणतेही औपचारिक शिक्षण त्याने घेतले नव्हते. त्याचा एक डोळा काचेचा होता आणि शिकून तो झाला होता हिशेबनीस.

क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेत, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी लिओच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवण्यात आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीतून तो वगळला गेला, तो याच कारणाने.

लिओच्या एका नातेवाइकांचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. लिओ तेरा वर्षांचा असताना त्यांनी त्याला एक खोकेभर टाकाऊ सुटे भाग आणि एक बॅटरी पाठवली. पुढच्या वर्षी तो त्यांच्या दुकानी गेला, तेव्हा दाराशी सुट्या भागांतून जोडलेला एक रेडिओ मोठ्याने वाजत होता. त्या आवाजाची मुलाच्या मनावर कायमची छाप पडली. घरी परतल्यावर त्याने रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली. महाविद्यालयात मात्र त्याने विषय घेतला तो हिशेबाचा. त्या काळी नोकरीची खात्री त्यातच होती.

ही खात्री मंदीने खोटी ठरवली. आधी बर्फाच्या कंपनीत, मग राज्याच्या महामार्ग खात्यात आणि नंतर टायरच्या कंपनीत त्याने काम केले. महामार्ग खात्यातली जागाच रद्द झाली आणि टायर कंपनीतली नोकरी सहा महिन्यांत सुटली. १९३४ मध्ये लग्न झाले होते, हाती काम नव्हते. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून लिओने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान टाकले.

पुढची सारी कहाणी या दुकानातून निघते. रेडिओबरोबरच वादक मंडळी आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर घेऊन येत. कोणता भाग जळतो, कोणता टाका सुटतो, गाडीतून नेताना काय हलते, हे लिओ रोज पाहत होता. चांगली वस्तू कशी बनवावी, हे तो मोडलेल्या वस्तूंकडून शिकला.

या वस्तूच्या मुळाशी असलेले विज्ञान तसे साधे आहे. गिटारच्या पोलादी तारा चुंबकाजवळ कंप पावतात आणि चुंबकाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. स्पीकर हलवायला ती पुरत नाही. तिला मोठे करणारा हवा. ते काम व्हॉल्व्ह करतो. व्हॉल्व्ह म्हणजे आतली हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्यातला एक भाग तापवला, की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या, काहीशे व्होल्टचा धन दाब दिलेल्या पत्र्याकडे धावतात. दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते. गिटारकडून आलेला क्षीण संदेश या जाळीवर दिला, की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याच तालात कमीजास्त होतो. नळाच्या तोटीवरच्या दोन बोटांनी पाण्याची मोठी धार आवरावी, तसे हे काम चालते.

युद्धाच्या काळात लिओची गाठ डॉक कॉफमन या वाद्य घडवणाऱ्या कारागिराशी पडली. दोघांनी मिळून मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची विजेवरची गिटार आणि तिच्याबरोबरचा छोटा ॲम्प्लिफायर बनवून विकायला सुरुवात केली. धंदा वाढवायचा तर कर्ज घ्यावे लागणार होते. कॉफमनला ती जोखीम नको होती. तो बाजूला झाला. १९४६ मध्ये लिओने फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी सुरू केली. पुढच्या काही वर्षांत टेलिकास्टर, प्रिसिजन बेस आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही वाद्ये बाजारात आली. त्यांच्याच जोडीने चॅम्प, डीलक्स, बेसमन, ट्विन हे ॲम्प्लिफायर घडत गेले. चॅम्प अवघ्या पाचेक वॅटचा होता, शिकाऊ मुलांसाठी केलेला. साठच्या दशकातला ट्विन रिव्हर्ब मात्र ८५ वॅटचा.

या पेट्यांची मांडणी दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यातून आलेली होती. पाइनच्या फळ्या कोपऱ्यांवर एकमेकींत खाचांनी गुंतवलेल्या, वरून प्रवासी बॅगांना लावतात तसले जाड कापड. आत एका पट्टीवर सगळे भाग ओळीने मांडलेले आणि हाताने डाग देऊन जोडलेले. एखादा भाग गेला, तर तेवढाच काढून नवा लावता येई. कोणत्या जागी कोणता व्हॉल्व्ह बसतो, याचा तक्ता पेटीच्या आतच चिकटवलेला असे. १९५१ पासूनच्या तक्त्यांवर दोन इंग्रजी अक्षरांचा शिक्का असे : पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘एफ’ आणि ‘एच’ दिसले, तर ती पेटी ऑगस्ट १९५६ ची, हे जाणकार आजही झटकन सांगतो. जोडणीच्या टेबलांवर बऱ्याच स्त्रिया काम करत. काही पेट्यांमध्ये जोडणी करणारीचे नाव लिहिलेला कागदी चिकटपट्टीचा तुकडा सापडतो.

लिओला वाजवता येत नसल्यामुळे त्याला वादकांवर अवलंबून राहावे लागे, आणि तेच त्याच्या पथ्यावर पडले. नवा नमुना तयार झाला, की तो वादकांच्या हाती देई आणि तक्रारी ऐकून घेई. पेटी परत टेबलावर येई आणि त्यात बदल होत. डिक डेल हा वादक इतक्या जोराने वाजवी, की एकामागून एक ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जळत. लिओने त्याच्यासाठी अधिक ताकदीची रचना करत नेली आणि त्यातून १९६० मध्ये शोमन नावाचा ॲम्प्लिफायर आला.

एका बाबतीत मात्र वादक त्याच्या पुढे निघून गेले. लिओला आवाज मोठा, पण स्वच्छ हवा होता. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीपलीकडे रेटले, की ध्वनिलहरीची टोके चपटी होतात आणि आवाज फाटतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दृष्टीने हा बिघाडच. लिओ नमुन्यामागून नमुना सुधारत तो कमी करायला झटत होता. पण व्हॉल्व्हची मर्यादा एकदम येत नाही. लहरीचे टोक कापल्यासारखे तुटत नाही, दाबल्यासारखे हळूहळू बसते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले वरचे स्वरही उमटतात. तंबोऱ्याची जवारी जमली, की एका तारेतून अनेक स्वर ऐकू येतात. कारण वेगळे असले, तरी कानाला मिळणारी श्रीमंती त्याच जातीची. शिवाय काही पेट्यांत विजेचा पुरवठाही व्हॉल्व्हमधूनच होतो. जोरात तार छेडली, की दाब क्षणभर उतरतो आणि पुन्हा सावरतो. वाद्य बोटांखाली श्वास घेत असल्यासारखे वाटते.

ब्लूज आणि रॉक वाजवणाऱ्यांनी हा दोषच उचलून धरला. १९६२ मध्ये लंडनमधल्या जिम मार्शल या दुकानदाराने आपल्या सहकाऱ्यांसह पहिला ॲम्प्लिफायर बनवला, तो फेंडर बेसमनच्या आराखड्यावरून. रॉक संगीताचा पुढचा गडगडाट बराचसा त्या वाटेने आला. नील यंग या गायक-वादकाने १९५९ चा फेंडर डीलक्स कित्येक दशके मंचावर वापरला. जो आवाज लिओ पुसून टाकायला निघाला होता, त्याच्यासाठीच त्याच्या पेट्या जपल्या जाऊ लागल्या.

त्या आधीच लिओच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले होते. पन्नासच्या दशकात त्याला सायनसचा स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग झाला. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांची नाकाकडे उघडणारी वाट सुजेने बंद झाली, की आतला स्राव बाहेर पडत नाही आणि संसर्ग चिवटपणे टिकून राहू शकतो. लिओचे दुखणे वर्षानुवर्षे रेंगाळले. प्रकृती इतकी ढासळली, की त्याने धंदा आवरता घ्यायचे ठरवले. जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली.

विक्रीनंतर थोड्याच काळात लिओने डॉक्टर बदलला आणि तो बरा झाला. त्याने हे आधी केले असते, तर कंपनी त्याच्याच हाती राहिली असती का, हे सांगता येत नाही. पण लांबलेले दुखणे कायमचेच आहे असे गृहीत धरून आयुष्याचा मोठा निर्णय घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे सांगणारी उदाहरणे थोडी असतात.

विक्रीच्या करारामुळे काही वर्षे त्याला स्पर्धेत उतरता येत नव्हते. सत्तरच्या दशकात तो म्युझिक मॅन या कंपनीत आला आणि १९७५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. तिच्या ॲम्प्लिफायरमध्ये पुढचा भाग ट्रान्झिस्टरचा आणि शेवटचा, स्पीकरला ताकद देणारा भाग व्हॉल्व्हचा असे. १९७९ मध्ये पत्नी एस्थर कर्करोगाने गेली. पुढे जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्यासह त्याने जी अँड एल ही आणखी एक कंपनी उभी केली. शेवटच्या वर्षांत त्याला पार्किन्सन्सचा आजार जडला. या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, हात कापतात, हालचाली मंदावतात. बारीक कामावर जगलेल्या माणसाला याहून अवघड आजार कोणता? तरीही लिओने काम सोडले नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला. आदल्या दिवशीही तो कामावर गेला होता.

त्याच्या हातची पेटी आज ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. पहिली विजेची. आतले कपॅसिटर वायर काढल्यावरही काहीशे व्होल्टचा साठा धरून राहू शकतात, आणि तो जीव घेऊ शकतो. मागचे झाकण हौसेने उघडून आत हात घालू नये; हे जाणत्या कारागिराचे काम. पुरवठ्याचे कपॅसिटर काही दशकांत सुकतात, गुणगुण वाढते, ते बदलावेच लागतात. अनेक जुन्या अमेरिकी पेट्यांना अर्थिंगविना दोनच पिना असतात. तिथे तीन पिनांची वायर बसवून घ्यावी. या पेट्या साधारण ११० ते १२० व्होल्टवर चालतात, म्हणून आपल्याकडच्या २३० व्होल्टला दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुसरी जबाबदारी कानांची. व्हॉल्व्हचा तो गोड फाटका आवाज पेटी पूर्ण जोरात असतानाच येतो, आणि मोह तिथेच असतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल, असे एक प्रचलित प्रमाण आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलना ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. घरात वाजवण्यासाठी पाच वॅटचा चॅम्पसारखा छोटा ॲम्प्लिफायरही पुष्कळ होतो, आणि त्याच्यासमोरही कानात बोळे घालणे शहाणपणाचे.

लिओची पेटी सत्तर वर्षांनी वाजते, कारण तिचा प्रत्येक भाग बदलता येतो. ती ऐकणाऱ्याच्या कानाला ही सोय नाही.