दारूगोळ्याचा माग काढणारे प. कृ. गोडे

महालात दसऱ्याला शस्त्रे पूजेसाठी बाहेर निघाली, की कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. महाभारतातील शतघ्नी म्हणजे तोफच, असे कोणीतरी छातीठोकपणे सांगतो आणि भोसल्यांच्या या जुन्या राजधानीत त्याला मान डोलावणारेही भेटतात. या वादात नेमके काय विचारावे, हे मला कै. परशुराम कृष्ण गोडे यांच्या लेखनातून कळले.

गोडे यांचा जन्म १८९१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचा. १९१९ साली ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात क्युरेटर झाले. डेक्कन कॉलेजमधील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह नुकताच तेथे आला होता. पोथ्या सांभाळायच्या, त्यांच्या सूच्या करायच्या, गावोगावच्या विद्वानांच्या पत्रांना उत्तरे द्यायची. काम तसे रूक्षच. पण त्यातूनच त्यांनी चारशेंहून अधिक शोधनिबंध लिहिले. विषय तरी कोणते? बायकांची नथ, मेंदी, घोड्यांना घालायचा हरभरा! आणि बंदुकीची दारूसुद्धा.

या शेवटच्या विषयात अभिमानाने आधीच घोळ घालून ठेवला होता. मद्रासचे प्राध्यापक गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० साली, प्राचीन हिंदूंजवळ बंदुका होत्या, असे पुस्तकच लिहिले. त्यांचा मोठा आधार शुक्रनीतीचा. तीत लहानमोठ्या नालिकांचे वर्णन आहे, पाच भाग सोरा, एक भाग गंधक व एक भाग कोळसा असे दारूचे प्रमाणही आहे. आपल्याकडे हे पुष्कळांना फार आवडले.

गोड्यांची रीत वेगळी. ग्रंथात काय लिहिले आहे याआधी तो लिहिला कधी, हे ते पाहात. इ. स. १४०० ते १९०० या काळातील शोभेच्या दारूवर त्यांचे छोटे पुस्तक बंगलोरहून १९५३ साली निघाले. त्यात १४४३ साली विजयनगरास आलेला अब्दुर रझाक आहे, ओरिसाच्या प्रतापरुद्राच्या कौतुकचिंतामणीतील दारूकामाच्या कृती आहेत. आपले एकनाथही आहेत. रुक्मिणीस्वयंवरात नाथांनी कृष्णाच्या लग्नात दारूकाम उडविले. म्हणून द्वारकेत हवाया होत्या असे ठरत नाही. सोळाव्या शतकातील पैठणकरांना त्या माहीत होत्या, एवढे मात्र ठरते. शतघ्नीवाल्यांनी एवढेच ध्यानात घेतले तरी पुरे!

मला सर्वांत आवडली ती दारूची लंका. कोट्याच्या दिवाळीत दारूचे रावण, राक्षस, हनुमान उभे करीत. हनुमानाची शेपटी पेटली, की तो उडत जाऊन लंका जाळी. महादजी शिंदे हे सवाई माधवरावांना सांगतात, असे पेशव्यांच्या बखरीत आहे. बखरीतील अशी चार वाक्येही गोडे वाया जाऊ देत नसत.

एक तक्रार मात्र आहे. त्यांचे बहुतेक लेखन इंग्रजीत. त्यामुळे ज्या नाथांच्या, बखरींच्या आधारे ते लिहिले, ती रोज वाचणाऱ्या मराठी घरांत ते पोहोचलेच नाही. तोडेदार बंदुका, जेजाला, उंटावरचे जंबुरे यांच्या सुबक चित्रांची इंग्रजी पुस्तके आपण कौतुकाने चाळतो. गोड्यांच्या लेखांत चित्रे थोडी, तारखा फार. वाचायला नेट लागतो.

२८ मे १९६१ रोजी ते वारले. पुढच्याच वर्षी लल्लनजी गोपाल यांनी, शुक्रनीती हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकातील आहे, असे साधार मांडले.