श्रमाचें माप घेणारे आंजेलो मोस्सो

शाळेच्या क्रीडादिनानंतर दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना ज्यांच्या मांड्या ठणकतात, त्यांस श्रम म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. परंतु हे श्रम मोजतां येतील काय? हा प्रश्न कसोशीनें हातीं घेणाऱ्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

आंजेलो मोस्सो यांचा जन्म इटलींतील तुरीन शहरीं ३० मे १८४६ रोजीं एका गरीब सुताराच्या घरीं झाला. वैद्यकाचा अभ्यास पुरा करून ते फ्लॉरेन्स व लाइप्झिग येथील नामांकित गुरूंपाशीं शिकले, आणि १८७९ सालीं तुरीनच्या विद्यापीठांत शारीरशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्यांचें श्रमलेखक यंत्र अगदीं साधें होतें. हात घट्ट बांधावयाचा, मधल्या बोटास दोरीनें वजन टांगावयाचें, आणि ठराविक तालावर तें पुनःपुन्हां उचलावयाचें. काजळी धरलेल्या कागदावर प्रत्येक उचल रेषेनें उमटे. रेषा आंखूड होत होत अखेर बोट थांबे. ही उतरण प्रत्येक मनुष्याची निराळी असते, असें त्यांस आढळलें. तोंडी परीक्षा घेऊन दमलेल्या एका सहकाऱ्याचें बोटही लवकर थकलें. तेव्हां बुद्धीचा शीण स्नायूंसही जाणवतो, हें दिसून आलें. दमलेल्या स्नायूकडून बळेंच घेतलेलें थोडें काम, ताज्या स्नायूच्या पुष्कळ कामाहून अधिक अपाय करतें, हा त्यांचा मोठा निष्कर्ष होय. १८९१ सालीं त्यांनीं श्रम या विषयावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला.

पुढें १९०२ सालीं अमेरिकेंतील थिओडोर हफ यांनीं अशाच यंत्राच्या साह्यानें दाखविलें कीं, तत्काळ येणारा थकवा निराळा व दुसऱ्या दिवशींचें दुखणें निराळें. हें दुखणें स्नायूंतील सूक्ष्म इजेमुळें येत असावें. आजचें शास्त्रही बहुतांशीं हेंच सांगतें.

मोस्सो यांस पर्वतांची फार आवड. मोंटे रोझाच्या शिखरावर सैनिक नेऊन त्यांनीं विरळ हवेचे परिणाम तपासले. परंतु उत्तरवयांत मज्जारज्जूच्या विकारानें त्यांचें चालणेंच कठीण केलें. इतरांच्या स्नायूंचें बळ मोजणाऱ्यास स्वतःचे पाय दगा देऊं लागले! तरीही ते खचले नाहींत; क्रीट बेटावरील प्राचीन अवशेषांच्या अभ्यासांत त्यांनीं मन रमविलें. २४ नोव्हेंबर १९१० रोजीं ते निवर्तले.

विद्यार्थीमित्रहो, शरीर ही परमेश्वरानें सोंपविलेली ठेव आहे. तिला आळसानें गंजूं देऊं नये, आणि ईर्षेनें मोडूंही नये. पालकांसही आमची हीच विनंति आहे: दमलेल्या मुलास, मग तें मैदानावरून आलेलें असो वा परीक्षेहून, आधीं विश्रांति द्यावी.