जवाहिऱ्यांतील रत्न : श्रीमद् राजचंद्र

रत्नांची पारख करणारे पुष्कळ असतात. परंतु पारख करता करता स्वतःच रत्नपदास पोहोचलेला पुरुष विरळा. जवाहिराचा व्यवसाय आपल्या समाजात शतकानुशतके चालत आलेला आहे. दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या राजकोषात काम केलेल्या ठक्कुर फेरू या जैन श्रावकाने इ. स. १३१५ मध्ये प्राकृत भाषेत ‘रत्नपरीक्षा’ हा ग्रंथ रचला आणि रत्नांचे गुणदोष व वजनानुसार त्यांचे मोल त्यात सांगितले. याच परंपरेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जवाहिर बाजारात एक तेजस्वी नाव झळकले. ते म्हणजे श्रीमद् राजचंद्र.

इ. स. १८६७ च्या कार्तिकी पौर्णिमेस सौराष्ट्रातील ववाणिया येथे त्यांचा जन्म झाला. त्यांचे नाव रायचंद. पिता रवजीभाई वैष्णव परंपरेतील, तर माता देवबा जैन कुळातील. त्यामुळे दोन्ही धर्मप्रवाहांचे संस्कार बालपणीच झाले. बुद्धी इतकी तीव्र, की सात वर्षांचे शालेय शिक्षण त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केले. तेराव्या वर्षापासून ते वडिलांच्या दुकानावर बसू लागले. त्या काळाविषयी त्यांनी पुढे स्वतःच नोंद करून ठेवली आहे, की आपण कोणास कमीअधिक भाव सांगितला नाही आणि कोणास कमीअधिक तोलूनही दिले नाही. त्यांच्या पुढील सर्व व्यवहारांची बीजे या छोट्याशा नोंदीत सापडतात.

इ. स. १८८७ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शतावधानाचा प्रयोग करून दाखविला आणि त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली. परंतु स्मरणशक्तीच्या प्रदर्शनाने आत्मकल्याण साधत नाही, हे ओळखून त्यांनी विशीतच त्या प्रयोगांचा त्याग केला. १८८८ मध्ये झबकबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर लवकरच, झबकबाईंचे काका रेवाशंकर जगजीवन यांच्या भागीदारीत त्यांनी मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार आरंभिला.

तो काळ जवाहिऱ्यांची कसोटी पाहणारा होता. श्रीमदांच्या जन्माच्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले आणि थोड्याच वर्षांत बाजारात हिऱ्यांची आवक कमालीची वाढली. इराणच्या आखातातील मोतीही विक्रीसाठी मुंबईत येत. आजच्यासारखे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र तेव्हा नव्हते. हिऱ्याचे पाणी, रंग, पैलू, आतील डाग व रेघा या गोष्टी पारख्याने भिंग लावून, दिवसाच्या उजेडात स्वतःच्या नजरेने ठरवायच्या. कॅरटचे वजनसुद्धा गावोगावी किंचित वेगळे असे. २०० मिलिग्रॅमचा दशमान कॅरट मान्य झाला तो १९०७ मध्ये, श्रीमदांच्या पश्चात.

किंमत ठरविण्याची रीतही सामान्य ग्राहकाच्या आटोक्याबाहेरची. मोत्यांची ‘चव’ काढताना वजनाचा वर्ग करून त्यास मोत्यांच्या संख्येने भागण्याचे तत्त्व असे. म्हणजे एकाच मोत्याचे वजन दुप्पट, तर चव चौपट. हिऱ्याचेही तसेच. दोन लहान हिऱ्यांपेक्षा तेवढ्याच वजनाच्या एका हिऱ्याचे मोल कितीतरी अधिक. आणि वजन सारखे असले तरी पाण्यात किंचित पिवळट झाक दिसली अथवा मध्यभागी डाग आढळला, की भाव उतरलाच. साहजिकच ज्याची नजर तयार, त्याच्या हाती समोरच्याचे नफा-नुकसान असे.

श्रीमदांची नजर अशी तयार होती, आणि म्हणूनच त्यांच्या चरित्रांत येणाऱ्या दोन हकीकती मननीय आहेत. एक अरब व्यापारी आपल्या थोरल्या भावासह मुंबईत मोत्यांचा धंदा करीत असे. एकदा धाकट्याने परस्पर आपला माल दलालामार्फत श्रीमदांना विकला. श्रीमदांनी माल पारखून ठरलेली रक्कम चुकती केली. घरी थोरल्या भावाने कागद दाखविला. त्या मालास ठराविक भावाखाली न विकण्याची त्यात अट होती. घाबरलेला तरुण परत आला. सौदा पूर्ण झाला होता, मालात मोठा नफा दिसत होता आणि कायदाही श्रीमदांच्या बाजूस होता. तरीही त्यांनी मोती जसेच्या तसे परत केले व केवळ आपली रक्कम मोजून घेतली.

दुसरी हकीकत हिऱ्यांच्या वायद्याची. एका व्यापाऱ्याने ठराविक मुदतीत ठराविक भावाने हिरे देण्याचा करार श्रीमदांशी केला. मध्यंतरी भाव एवढे चढले, की करार पाळताना त्या गृहस्थाचे घरदारही विकले गेले असते. श्रीमद् स्वतः त्याच्या पेढीवर गेले. तो मुदतीसाठी विनवू लागला. श्रीमदांनी त्याच्या चिंतेचे मूळ असलेला तो करारपत्राचा कागदच फाडून टाकला.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खोटी मापे वापरणे आणि हलका माल भारी म्हणून देणे, यांची गणना ‘तत्त्वार्थसूत्रा’त केली आहे. श्रीमद् या मर्यादेच्याही पुढे गेले. मापात व मालात तर त्यांनी खोट केली नाहीच. शिवाय दुसऱ्याचे अज्ञान आणि अडचण यांतून मिळणारा नफाही त्यांनी अग्राह्य मानला.

१८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतलेल्या गांधीजींची त्यांच्याशी मुंबईत भेट झाली. लाखोंचे सौदे करणारा हा जवाहिऱ्या व्यवहार संपताच धर्मग्रंथ वा आपली वही उघडून आत्मचिंतनात मग्न होतो, हे पाहून गांधीजी प्रभावित झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेत धर्मविषयक शंकांनी ग्रासले असता त्यांनी श्रीमदांनाच पत्राने प्रश्न विचारले. १८९६ मध्ये नडियाद येथे श्रीमदांनी १४२ गाथांचे ‘आत्मसिद्धिशास्त्र’ रचले. अखेरच्या काळात ते व्यापारातून निवृत्त झाले आणि ९ एप्रिल १९०१ रोजी, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, राजकोट येथे त्यांनी देह ठेवला.

आज हिऱ्याची प्रत ठरविण्याचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. वजन, रंग, शुद्धता आणि घाट या चार कसोट्या सर्वमान्य आहेत. रंग ‘डी’पासून ‘झेड’पर्यंतच्या श्रेणीत मोजतात, तर शुद्धता दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली तपासतात. शुद्धतेची एखादी पायरी खाली आली किंवा वजन पूर्ण कॅरटास किंचित कमी पडले, तरी भावात मोठा फरक पडतो. शिवाय प्रयोगशाळेत तयार झालेला हिरा आणि खाणीतला हिरा यांतील भेद नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. म्हणजेच जाणकार आणि ग्राहक यांच्यातील अंतर आजही कायमच आहे. प्रमाणपत्र हिऱ्याची प्रत सांगते; विकणाऱ्याची प्रत त्याच्या व्यवहारावरूनच कळते.

आपल्या पूर्णा-भिवंडी परिसरात गोदामे आहेत, कापडाचा व्यापार आहे, नाना तऱ्हेचा माल रोज येतो आणि जातो. त्यातील खरी प्रत विकणाऱ्यास जितकी ठाऊक असते, तितकी घेणाऱ्यास क्वचितच असते. अशा प्रत्येक सौद्याच्या वेळी ववाणियाच्या दुकानावर बसलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलाचे स्मरण आपणांस व्हावे, हीच सुवर्णमहोत्सवी वर्षात या महापुरुषास खरी भावांजली ठरेल.